शेजारच्या दोन कळा



या व्याख्यानमालेत विद्वानांची व्याख्याने होतात, आणि ती मी वर्षानुवर्षे मागच्या रांगेत बसून ऐकत आलो आहे. आज मला पुढे उभे केले आहे, म्हणून आरंभीच सांगून टाकतो की मी संगणकशास्त्राचा जाणकार नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, मोर्च्यात आणि कामगार कचेरीच्या बाकावर. गोंदिया शहरात आणि तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी या बाजूंना विडी वळणाऱ्या बाया, राइस मिलमधले हमाल आणि तेंदूपत्ता तोडणारी माणसे यांच्यात मी तीस वर्षे वावरलो. अशा माणसाने संगणकाच्या कळांवर बोलावे याचे आपणास नवल वाटेल. परंतु ज्या कळेमुळे आमच्या दोन बायांचे वैर होण्याची पाळी आली, त्या कळेची चौकशी करणे मला भागच पडले.

आधी हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने विडी कामगारांच्या मुलांसाठी मिळणाऱ्या शिक्षण साहाय्याचे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घेतले. त्रेचाळीस बायांची नावे, बँकेचे खातेक्रमांक आणि शाखेचे संकेतांक यांची एक यादी संगणकावर केलेली होती. त्या यादीतून एकेक गोष्ट उचलायची आणि अर्जाच्या रकान्यात टाकायची, असे ते काम. ते करीत होता आमच्याच वस्तीतला एक विशीतला मुलगा, दर अर्जामागे ठरलेल्या चार पैशांवर. तीन-चार महिन्यांनी एक बाई कचेरीत आली आणि म्हणाली, "भाऊ, सगळ्यांचे पैसे आले, माह्या पोरीचे नाही आले जी." शोध घेता असे दिसले की तिचे पैसे तिच्या शेजारणीच्या खात्यात जमा झाले होते. शेजारणीला वाटले, दोन मुले म्हणून दुप्पट आले असतील. त्या पैशांतून तिने पावसाळ्यापूर्वी घरावर पत्रे घालून घेतले होते. दोघी एकाच ओसरीवर बसून वर्षानुवर्षे विड्या वळत. त्या दिवसापासून दोघींनी पाठी फिरवल्या.

आमच्या समितीत एकच सूर निघाला, की पोराने निष्काळजीपणा केला, त्याला काढून टाका. मी म्हटले, एक दिवस थांबा. कारण माझा जुना अनुभव असा, की मिलमध्ये कोणाचा हात पट्ट्यात सापडला की पहिल्या तासात सगळे त्या हाताला दोष देतात. पट्ट्यावर जाळी होती की नव्हती हे दुसऱ्या दिवशी विचारले जाते, आणि पुष्कळदा विचारलेच जात नाही.

शिवाय यात एक कोडे होते. अर्ज पाठवण्यापूर्वी मी स्वतः पहारेकऱ्यासारखा बसून प्रत्येक अर्ज यादीशी ताडून पाहिला होता. यादी आणि अर्ज यांत एका आकड्याचाही फरक नव्हता. मग चूक शिरली कोठून? कागदी नोंदवही काढली तेव्हा कळले की चूक अर्जात नव्हती, मूळ यादीतच होती. आणि ती यादी आठ दिवसांपूर्वी तर बरोबर होती. मूळच बदलले असेल तर नकलेशी ते जुळणारच! हे कसे घडले ते समजण्यासाठी ही नक्कल उतरवण्याची यंत्रणा आहे तरी काय, हे पाहिले पाहिजे.

मी संघटनेत आलो तेव्हा पत्रके टंकयंत्रावर निघत. दोन कागदांमध्ये कार्बन घालायचा, कळ जोरात मारायची, आणि खालची प्रत डोळ्यांनी पाहायची. जास्त प्रती हव्या असल्या तर स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर फिरवायची. हात शाईने काळे होत. त्याहीपूर्वी छापखान्यात आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मजकूर हलवायचा म्हणजे कात्रीने तो भाग कापायचा आणि खळीने दुसऱ्या जागी चिकटवायचा. संगणकातील 'कट' आणि 'पेस्ट' हे शब्द तेथूनच आले. या सगळ्या पद्धतींत एक गुण होता : कापलेला तुकडा टेबलावर दिसत असे. हरवला तर हरवलेला दिसे, चुकीचा उचलला तर चुकीचा दिसे.

संगणकात ही सोय ज्यांनी आणली त्यांत लॅरी टेस्लर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीची पालो आल्टो येथे एक संशोधनशाळा होती. आपण गोरेलाल चौकात जाऊन 'झेरॉक्स काढून आणतो' म्हणतो, तीच ही कंपनी. तेथे १९७४-७५ च्या सुमारास टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाची मजकूर लिहिण्याची व्यवस्था तयार केली. ती पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेसाठी होती. माझ्या दृष्टीने या हकीकतीतील मोलाची गोष्ट पुढे आहे. यंत्र बनवण्यापूर्वी मॉट त्या प्रकाशनसंस्थेतील संपादकांच्या शेजारी जाऊन बसले, ते कात्री कशी चालवतात, खुणा कशा करतात हे त्यांनी पाहिले, आणि मग त्यांच्या रीतीप्रमाणे यंत्राची रीत ठरवली. म्हणजे जो काम करतो त्याला आधी विचारले.

त्यापूर्वीची स्थिती कशी होती याची एक गोष्ट सांगितली जाते. त्याच संशोधनशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी केलेली 'ब्राव्हो' नावाची व्यवस्था होती. तिच्यात एकच कळ कधी अक्षर उमटवी, तर कधी हुकूम बजावी. यंत्र कोणत्या अवस्थेत आहे यावर ते अवलंबून असे. हुकमाच्या अवस्थेत कोणी चुकून 'एडिट' हा इंग्रजी शब्द टंकला, तर 'ई' म्हणजे सारा मजकूर निवड, 'डी' म्हणजे पुसून टाक, 'आय' म्हणजे आता नवे घाल, आणि उरलेला 'टी' हे ते नवे अक्षर. सबंध लेख गेला आणि त्याच्या जागी एक 'टी' उरला! टेस्लर यांचा जन्मभराचा आग्रह असा होता, की यंत्राने माणसाला अशा फसव्या अवस्थांत टाकू नये.

पुढे टेस्लर ॲपल कंपनीत गेले. १९८३ चा 'लिसा' आणि १९८४ चा 'मॅकिंटॉश' या संगणकांतून कापणे, नक्कल करणे व चिकटवणे सामान्य माणसापर्यंत पोहोचले. एक्स, सी, व्ही आणि झेड या कळा तेथेच रुळल्या. एक्स हे अक्षर काटछाटीच्या फुलीसारखे आणि कात्रीसारखे दिसते. सी हे 'कॉपी'चे आद्याक्षर. व्ही का, याचे कारण असे देतात की राहिलेला शब्द घालण्यासाठी लेखनिक जी खूण करतात, जिला आपण हंसपद किंवा काकपद म्हणतो, ती उलटी केली की व्ही होतो. झेड म्हणजे केलेले रद्द. आणि चारही कळा सर्वांत खालच्या ओळीत डाव्या हाताखाली, एकमेकींना खेटून. उजवा हात माऊसवर राहावा म्हणून. टेस्लर २०२० साली वारले.

ॲपलच्या संगणकात हुकमाची कळ वेगळी होती. इतरांनी जुनी 'कंट्रोल' कळ वापरली, आणि तेथे एक गोंधळ झाला. जुन्या संगणकांत कंट्रोल आणि सी यांचा अर्थ पूर्वीपासून ठरलेला होता : चालू असलेले काम मध्येच थांबव. आजही ज्या काळ्या पडद्यावर हुकूम टंकून काम करतात, तेथे नक्कल करावी म्हणून कंट्रोल-सी दाबले तर चाललेले कामच बंद पडू शकते. विंडोजनेही आरंभी शिफ्ट, इन्सर्ट आणि डिलीट या कळांची वेगळीच जोडणी ठेवली होती; १९९२ च्या आवृत्तीपासून कंट्रोलसह एक्स, सी, व्ही ही चाल तेथे रूढ झाली. कळ एक आणि अर्थ दोन, असा हा वारसा आहे.

आता आतली यंत्रणा. नक्कल केलेला मजकूर संगणक जेथे ठेवतो त्या जागेस 'क्लिपबोर्ड' म्हणतात. आपण अशी कल्पना करा की दुकानात एक पाटी टांगली आहे. तिच्यावर एका वेळी एकच गोष्ट मावते. नवी लिहिली की जुनी आपोआप पुसली जाते. इथपर्यंत ठीक. परंतु ही पाटी भिंतीकडे तोंड करून टांगलेली आहे. तिच्यावर काय लिहिले आहे ते लिहिणाऱ्याला दिसत नाही. कंट्रोल-सी दाबले तर बहुतेक ठिकाणी यंत्र 'घेतले' असे सांगत नाही. आणि बोट हलके पडून घेतले गेले नाही, तरी 'घेतले नाही' असेही सांगत नाही. मग व्ही दाबले की पाटीवरचा जुना मजकूर निमूटपणे उमटतो. मिलमध्ये पोते उचलणाऱ्या हमालाला पोते खांद्यावर आहे की नाही हे खांदा सांगतो. येथे खांदाच नाही.

दुसरे, सी आणि व्ही या दोन कळा अगदी शेजारी आहेत, आणि त्यांची कामे मात्र परस्परविरुद्ध आहेत. एक घेते, दुसरी टाकते. घ्यायच्या वेळी टाकणारी कळ दाबली गेली तर काय होते? निवडलेल्या मूळ मजकुरावरच पाटीवरचा जुना मजकूर पडतो, आणि मूळ नाहीसे होते.

हेच आमच्या यादीत घडले. मी त्या मुलाच्या शेजारी एक संध्याकाळ स्टुलावर बसलो. त्रेचाळीस नावे, प्रत्येकीच्या तीन गोष्टी. म्हणजे एकशे एकोणतीस वेळा घेणे आणि एकशे एकोणतीस वेळा टाकणे, दोनशे अठ्ठावन्न वेळा कळ दाबणे, आणि दर वेळी या खिडकीतून त्या खिडकीत जाणे. माझ्या डोळ्यांदेखत अर्ध्या तासात दोनदा त्याचे बोट सी ऐवजी व्हीवर पडले. दुसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आले आणि त्याने कंट्रोल-झेड दाबून मूळ परत आणले. पहिल्या वेळी मात्र ध्यानात आले नाही. 'घेतले की नाही' अशी शंका येऊन त्याने, खात्री म्हणून, पुन्हा सी दाबले. म्हणजे वरच्या बाईचा क्रमांक खालच्या बाईच्या रकान्यात बसला, तोच पुन्हा पाटीवर गेला, आणि तोच अर्जात उमटला. यादी व अर्ज तंतोतंत जुळले! दोन शेजारच्या कळांनी यादीतल्या दोन शेजारच्या ओळी एक केल्या, आणि ओसरीवरच्या दोन शेजारणी तोडल्या. त्या मुलाची सावधगिरीच चुकीला उपयोगी पडली.

यादीच्या कोष्टकांत आणखीही खोडी आहेत, आणि आपणापैकी व्यापारी मंडळींना त्या ठाऊक असतील. एक्सेलसारख्या कोष्टकात खातेक्रमांक चिकटवला की यंत्र त्याला मोजायची संख्या समजते. मग आरंभीची शून्ये गळून पडतात, कारण संख्येच्या पुढच्या शून्याला किंमत नसते. खातेक्रमांकातील शून्याला मात्र असते. बारा आकडी आधार क्रमांक रकान्यात मोठ्या संख्यांच्या संक्षिप्त रूपात दिसू लागतो. आणि एक्सेल पंधराच अंक खरे जपते. सोळा-सतरा आकडी क्रमांक असला तर पंधराव्यानंतरचे अंक शून्य होऊन बसतात, आणि ते परत मिळत नाहीत. उपाय सोपा आहे : चिकटवण्यापूर्वी त्या रकान्याला 'मजकूर' असे रूप द्यायचे. पण ते आधी करायचे असते, आणि आधी कोणी सांगत नाही.

आता आपल्या मराठीचे दुखणे. बालाघाट किंवा डोंगरगडकडून एखादा देवनागरी कागद संगणकावर येतो. आपण त्यातला परिच्छेद उचलून आपल्या पत्रात चिकटवतो, आणि समोर येतात इंग्रजी अक्षरांची खिचडी. मध्य भारतात 'कृतिदेव' नावाचा टंक फार चालतो. त्यात 'मराठी' हा शब्द संगणकाच्या पोटात 'ई, जे, के, बी, एच' अशा पाच इंग्रजी अक्षरांनी ठेवलेला असतो. टंक फक्त त्या अक्षरांना देवनागरीचा अंगरखा घालतो. नक्कल करून दुसरीकडे नेले की अंगरखा तेथेच राहतो आणि आतली ई-जे-के उघडी पडते. महाराष्ट्रातही वेगवेगळ्या कंपन्यांचे असे टंक होते आणि आहेत, आणि एकाचा अंगरखा दुसऱ्याला बसत नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. तीत जगातल्या लिप्यांतील अक्षरांना कायमचे क्रमांक दिले, आणि देवनागरीला तिची स्वतंत्र जागा मिळाली. 'म' चा क्रमांक २३५०, 'न' चा २३४४. मग टंक कोणताही असो. कृतिदेवात तोच 'म' इंग्रजी 'ई' च्या १०१ क्रमांकावर बसलेला असतो. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीत देवनागरीची युनिकोड सोय आली. तिच्यातील 'मंगल' हा टंक आपल्या मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे. युनिकोडातला मजकूर उचला, कोठेही चिकटवा, तो मराठीच राहतो. जुन्या टंकातून युनिकोडात रूपांतर करणारी साधने मिळतात. पण त्या टंकांत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असतो, आणि रूपांतरात तो कधी कधी भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून नावांची यादी तरी पुन्हा वाचलीच पाहिजे.

येथे एक मौज सांगतो. भारत सरकारने प्रमाण ठरवलेल्या 'इन्स्क्रिप्ट' कळपाटावर सीच्या जागी 'म' आहे आणि व्हीच्या जागी 'न'. आमचा तो मुलगा गमतीने म्हणतो, "दादा, दोन्ही मिळून मन होते, आणि तेच थाऱ्यावर पाहिजे." विनोद बरा आहे, पण मला पुरा मान्य नाही. दोनशे अठ्ठावन्न वेळा मन थाऱ्यावर ठेवा, असे सांगणे हा उपाय नव्हे.

काही सरकारी आणि बँकांच्या अर्जांत चिकटवण्याची सोयच बंद केलेली असते. यावर लोक चिडतात, आणि येथे थोडा विवेक केला पाहिजे. खातेक्रमांक दोनदा मागतात आणि दुसऱ्या वेळी चिकटवू देत नाहीत, त्यात अर्थ आहे. कारण चुकलेलाच क्रमांक दोनदा चिकटवला तर तपासणी व्यर्थ. आमच्या प्रसंगात पासबुक पाहून दुसऱ्यांदा टंकले असते तर चूक सापडली असती. बिघडलेली यादी पाहून टंकले असते तर नसती. परंतु परवलीच्या शब्दाच्या रकान्यात चिकटवणे बंद करणे ही चूक आहे. त्याने लोक लहान आणि सोपे शब्द निवडू लागतात. ब्रिटनच्या सरकारी सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ साली हेच सांगितले, आणि अमेरिकेच्या मानक संस्थेनेही त्याच वर्षी, परवलीचा शब्द चिकटवू द्यावा अशी शिफारस केली.

आता घरी गेल्यावर उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतो. पहिली, ज्या यादीतून उचलायचे ती फक्त वाचण्यापुरती उघडावी, म्हणजे चुकीची कळ पडली तरी मूळ सुरक्षित राहते. दुसरी, ताळा नेहमी मूळ कागदाशी, पासबुकाशी घ्यावा, नकलेशी नव्हे. एकाने शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पाहावे. तिसरी, विंडोजमध्ये २०१८ पासून विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबली की आधी उचललेल्या पंचवीसपर्यंत गोष्टी दिसतात; ही सोय एकदा सुरू करून घ्यावी लागते. भिंतीकडे तोंड केलेली पाटी तेवढी आपल्याकडे वळते. तसेच पुष्कळ ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबले की मूळचा रंग, आकार न येता नुसता मजकूर येतो. चौथी, दुसऱ्याच्या दुकानातील संगणकावर आपला आधार क्रमांक उचलला असेल तर उठण्यापूर्वी एखादा साधा शब्द उचलून ठेवावा आणि ती पंचवीस गोष्टींची यादीही पुसावी. नाही तर मागून येणारा गिऱ्हाईक व्ही दाबेल आणि आपला क्रमांक त्याच्या पुढ्यात उमटेल.

परंतु एवढ्याने माझे समाधान होत नाही. पत्रा कापणाऱ्या दाबयंत्रावर दोन बटणे दूर दूर ठेवतात आणि दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय यंत्र खाली येत नाही. कारण बोट चुकणार हे गृहीत धरलेले असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धोक्याच्या यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी मालकावर टाकली. कामगाराने जपून राहावे एवढे सांगून कायदा थांबला नाही. ही समज येण्यापूर्वी पुष्कळ बोटे गेली. संगणकावर बोट तुटत नाही, म्हणून तेथे कुंपणाची गरज कोणाला वाटत नाही. पण आज रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, मजुरी सारे त्या रकान्यांतून जाते. ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, सेवा केंद्रातली मुलगी, आमच्या कचेरीतला मुलगा, यांच्या बोटाखाली दररोज कोणाचा तरी महिन्याचा पगार असतो. त्यांना अर्जामागे पैसे देऊन घाई करायला लावायची, ताळ्याला दुसरा माणूस द्यायचा नाही, आणि चुकले की काढून टाकायचे, हा न्याय नव्हे.

आमच्या समितीने शेवटी मुलाला ठेवले. अर्जामागचे पैसे बंद करून दिवसाची मजुरी ठरवली आणि ताळ्यासाठी एक शिकलेली विडी कामगार बाई त्याच्या शेजारी बसवली. गेलेल्या पैशांपैकी निम्मे संघटनेने भरले, कारण तपासणी माझी होती आणि ती चुकली होती. निम्मे शेजारणीने हप्त्याने दिले. शेवटचा हप्ता देण्यास ती स्वतः त्या बाईच्या घरी गेली आणि चहा घेऊन परतली. दोघी पुन्हा एका ओसरीवर बसतात. एवढे मात्र खरे, की त्या पोरीचे एक सत्र फीवाचून गेले, आणि ते कंट्रोल-झेड दाबून परत आणता आले नाही.